पहिलीत नक्की शिकवतात काय? (वही कोरी, डोकं गरम)

दुपारचा_चहा

लेक यंदा पहिलीत गेली. मराठी माध्यम, घरापासून चालत दहा मिनिटांवर शाळा. आम्ही दोघांनी विचार करून, घरच्यांशी वाद घालून तिथे घातलंय. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली, आता गणपती तोंडावर आलेत, आणि तिच्या वहीत मोजून सहा पानं भरलीत. त्यातल्या दोन पानांवर आडव्या-उभ्या रेघा, एकावर वेटोळी.

रोज विचारते, आज काय शिकवलं? उत्तर ठरलेलं. "चिंचोके." किंवा "बाईंनी गोष्ट सांगितली." किंवा "आम्ही टाळ्या वाजवल्या."

परवा जाऊबाईंकडे जेवायला गेलो होतो. त्यांचा मुलगा हिच्याच वयाचा, इंग्रजी शाळेत आहे. त्याने पाचाचा पाढा म्हणून दाखवला आणि 'माय फॅमिली'वर पाच वाक्यं लिहून दाखवली. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण पोळी वाढताना माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं घेऊन मी घरी आले.

बाईंना भेटले तर म्हणतात, "ताई, घाई करू नका." गृहपाठ नाही, चाचणी नाही. सहा वर्षांच्या मुलांनी पहिलीच्या वर्षात शिकायचं तरी काय असतं? कुणी शिक्षक असतील इथे तर सांगा. माझं चुकतंय असं वाटलं तर तेही सांगा, पण हळू.

तिरकस

टाळ्या वाजवायला शिकली म्हणजे राजकारणात भवितव्य आहे. काळजी नसावी.

सेमीवाली_आई

तिरकस, तुमचं नेहमीचंच.
@दुपारचा_चहा, अगदी हीच अवस्था माझी दोन वर्षांपूर्वी होती. एक सांगते, गृहपाठ नाही म्हणून शाळेला दोष देऊ नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राचं परिपत्रक निघालंय, पहिली-दुसरीला गृहपाठ द्यायचा नाही आणि दप्तर दीड किलोच्या वर नको. तुमची शाळा ते पाळते आहे. आमची नव्हती पाळत. माझा मुलगा रात्री साडेनऊला पेंगत पेंगत 'अ' चं पान भरायचा. तिसऱ्या ओळीपासून तो 'अ' राहायचाच नाही, कोळी व्हायचा.

आजोबा_ऑनलाइन

वय वर्षे ७४. आमच्या वेळी पहिलीच्या आधी बिगरी असे. दसऱ्याला पाटीपूजन, पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती, आणि तिच्यावर झेंडूची पाकळी. तीच आमची प्रवेशपरीक्षा. पुढे संध्याकाळी दिवेलागणीला परवचा, म्हणजे पाढे मोठ्याने म्हणणे, अपूर्णांकांचेही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आताच्या किती मुलांना ठाऊक आहे? पाठांतर नको म्हणणाऱ्यांना मी आजही भाजीवाल्याकडे घेऊन जातो. पावणेदोन किलोचे पैसे तो आणि मी एकाच वेळी सांगतो, मोबाइल बाहेर न काढता.

मुलगी टाळ्या वाजवते हे मलाही पटले नाही. स्पष्ट लिहितो.

खानदेशी_मास्तर

धागा काल रात्रीच वाचला होता, पण मोबाइलवरून एवढं लिहिणं होईना. आज रविवार.

मी जिल्हा परिषद शाळेत १९ वर्षं आहे, त्यातली ११ वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडे. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. त्यामुळे पहिली आणि दुसरी माझ्यासमोर एकाच खोलीत बसतात.

ताई, आधी टाळ्यांचं सांगतो, कारण आजोबांचाही तिथेच आक्षेप आहे. सहा वर्षांच्या पोराला 'कमळ' हा शब्द म्हणजे तळ्यातलं फूल. तो एक अखंड आवाज आहे. त्याचे तीन तुकडे होतात हे त्याच्या गावीही नसतं. बाई म्हणतात, कमळ म्हणा आणि जितके तुकडे तितक्या टाळ्या वाजवा. क, म, ळ. तीन टाळ्या. 'आई' दोन. 'पाऊस' तीन. कोणी 'भाकर'ला दोनच वाजवतो, कारण बोलताना आपण भा-कर् असंच म्हणतो. तो चुकला नाही, त्याचा कान तयार होतोय. आवाजाचे तुकडे ऐकू यायला लागले की मग प्रत्येक तुकड्याला एक खूण असते हे सांगता येतं. ती खूण म्हणजे अक्षर. ज्या पोराला तुकडा ऐकूच येत नाही त्याला 'क' शंभर वेळा गिरवायला लावला तरी तो चित्रच काढत असतो.

मग अक्षरं. आपण लोक अ, आ, इ, ई पाठ म्हणतो, पण 'इ' आणि 'ई' हाताला फार अवघड आहेत हो. म्हणून वळणाच्या सोयीने गट करायचे ही जुनीच रीत आहे. ग म भ न एकत्र का? लिहून बघा, हाताची सवय एकाकडून दुसऱ्याकडे जाते. र आला की स आला, स आला की ख लांब नाही. व, ब, क एका घरातले. ट, ठ, ढ, द एका घरातले. आणि चार-पाच अक्षरं झाली की लगेच शब्द: गगन, नग, मन, नमन. शब्द वाचता आला की पोराचा चेहरा बघावा. पूर्ण मुळाक्षरं होईपर्यंत थांबवलं तर तो चेहरा दिवाळीनंतर दिसतो, आणि काहींचा दिसतच नाही.

त्यानंतर काना, मात्रा, वेलांट्या, उकार. 'क ला काना का' हे सुरात म्हणायला सोपं, पण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि आवाज नंतर यायचा, ही गोम मुलांना खरोखर छळते. 'पिन' लिहायला सांगा, निम्मी मुलं आधी प काढतील आणि मग वेलांटीला जागा शोधत बसतील. जोडाक्षरं पहिलीत तोंडओळखीपुरती, त्यांचा खरा बाजार दुसरीत.

आता आमच्याकडची गंमत. घरी अहिराणी. आमच्या पोरांच्या घरात 'ळ' राहतच नाही, तिथे 'य' येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. पाण्याला पानी. मी केळ्याचं चित्र दाखवून विचारतो, शेवटी काय ऐकू आलं? पोरगी ठामपणे सांगते, "य." ती 'केय' म्हणते, तर तिला य च ऐकू येणार ना! पहिल्या वर्षी मी चूक म्हणालो होतो. पोरगी पुढे महिनाभर वर्गात बोलली नाही. आता म्हणतो, घरी केय, पुस्तकात केळे, दोन्ही आपलीच. ती दोन्ही म्हणते, आणि मग मी ळ दाखवतो. तेव्हा ताई, तुमच्या पुण्या-मुंबईच्या पोरांना पहिलीत एक भाषा लिहायला शिकायची असते. आमच्यांना आधी ती बोलायला शिकायची असते. मेळघाटातल्या कोरकू मुलांचं तर विचारूच नका.

चिंचोक्यांचं नंतर लिहितो. म्हैस व्यायला झाली आहे.

दुपारचा_चहा

सर, तीनदा वाचलं. लेकीला आत्ता 'भाकर' म्हणून टाळ्या वाजवायला सांगितल्या. दोन वाजवल्या, मग माझ्याकडे बघून अर्धी तिसरी वाजवली.

आजोबा_ऑनलाइन

मास्तर, तुमचे पटले. मी भिंतीकडे बघून दहा मिनिटे कमळ, भाकर, पाऊस करीत बसलो होतो. सौ. ने विचारले काय चालले आहे. टाळ्यांविषयीचा आक्षेप मागे. पाठांतराविषयीचा कायम.

तिरकस

म्हशीचं काय झालं ते आधी सांगा.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत, मुलगा इथे पहिलीत आहे. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात भला मोठा कागदी शंकू देतात, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. शूलट्यूटं म्हणतात त्याला. आपल्याकडे पाटीपूजन, त्यांच्याकडे शंकू. आजोबांचं वाचून ते आठवलं.

पण लिहायचं कारण वेगळं. इथे पहिलीच्या गणितात वर्षभर बहुतेक वीसपर्यंतच खेळत राहतात. शंभरची गाडी दुसरीत. आणि मार्क नाहीत. आधी माझीही जीभ वळवळली होती, की आमच्याकडे बालवाडीत शंभरपर्यंत येतं. मग मुलाच्या वर्गात एकदा बसलो. सात आणि पाच किती, हे एक मुलगी दहाची चौकट आधी भरून सांगत होती. पाचातले तीन उचलले, सातांत घातले, दहा झाले, उरले दोन, बारा. पाठ नव्हतं, दिसत होतं तिला.

आणखी एक गंमत. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे आइनउंडत्स्वान्त्सिग, म्हणजे 'एक आणि वीस'. आपल्या एकवीससारखंच, आधी एकक मग दशक. लिहिताना मात्र २ आधी. त्यामुळे इथलीही मुलं २१ चं १२ करतात, त्याला त्यांच्याकडे खास शब्दसुद्धा आहे, त्सालनड्रेअर, आकडा उलटा होणे. बोखुमच्या विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने वीस-एक म्हणायची चळवळच काढली. नॉर्वेने तर १९५१ साली सरकारी निर्णयानेच दशक आधी म्हणायला सुरुवात केली. जुनी माणसं अजून जुनंच म्हणतात म्हणे.

सेमीवाली_आई

अरे बापरे, म्हणजे २०१९ चं आपलं भांडण नॉर्वेत आधीच होऊन गेलं होतं!

आडगाव_बुद्रुक

कुठलं भांडण? मी तेव्हा आखातात होतो.

सेमीवाली_आई

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन, सत्तर तीन' असं वाचायची पद्धत आली. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, सत्त्याण्णव हे शब्द मुलांना जड जातात, जोडाक्षरं येतात, आणि बोलायचं एका क्रमाने, लिहायचं दुसऱ्या. महाराष्ट्र पेटला. भाषा बुडाली, संस्कृती बुडाली. विधानसभेत 'फडण दोन शून्य' असा विनोदही झाला होता. कोणी हे बघितलं नाही की जुने शब्द काढलेच नव्हते, दोन्ही होते.

आजोबा_ऑनलाइन

त्या वेळी मीही वर्तमानपत्राला पत्र लिहिले होते. छापले नाही. एकोणपन्नास आणि पन्नास यांतले नाते त्या 'एकोण' मध्ये आहे, एक उणे पन्नास. केवढी सुंदर गोष्ट! ती चाळीस-नऊ मध्ये कुठे राहिली?

ऱ्हाइनकाठ

आजोबा, सुंदर आहेच. पण सहा वर्षांच्या मुलाला 'उणे' ठाऊक असेल तर.

खानदेशी_मास्तर

म्हैस सुखरूप, रेडकू झालं.

आकड्यांच्या भांडणात मी दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला माणूस आहे. वर्गात वीस-एक म्हणून घेतलं तर पोरांना पटापट लिहिता यायचं. घरी गेलं की आजी म्हणायची, मास्तरला एकवीस येत नाही का? मी काय केलं, दोन्ही चालू ठेवलं. गठ्ठे मांडताना वीस-एक, बाजारात एकवीस.

आता चिंचोके. ताई, तुमच्या बाई जाणत्या आहेत, एवढं त्या एका शब्दावरून सांगतो.

माझ्याकडे डालडाच्या जुन्या डब्यात चिंचोके असतात. पहिल्या महिन्यात मी पोरासमोर सात चिंचोके एका ओळीत जवळजवळ ठेवतो. किती? सात. मग त्याच्यासमोरच ते लांब लांब पसरतो. आता किती? बरीच मुलं म्हणतात, जास्त झाले. काही पुन्हा मोजतात. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी मांडून ठेवलंय. ज्याला अजून वाटतं की पसरले की वाढतात, त्याला ७ + ५ ची बेरीज वहीत लिहून काय उपयोग? शंभरपर्यंत म्हणता येणं हे गाणं आहे. 'सात' हे नाव शेवटच्या चिंचोक्याचं नसून सगळ्यांचं मिळून आहे, हे कळणं म्हणजे मोजणं.

पुढची पायरी. बारा चिंचोके मोजून झाले, मी त्यावर हात झाकतो, बाजूला अजून एक ठेवतो. किती? मूल माझा हात उचलतं आणि पुन्हा एक, दोन, तीनपासून सुरू. रोज. मग एका दिवशी हात उचलत नाही. माझ्या हाताकडे बघतं, ओठ हलवतं, आणि म्हणतं, तेरा. मला तो दिवस लक्षात राहतो प्रत्येकाचा. वही तपासणारे अधिकारी येतात तेव्हा हे कुठे दाखवायचं? रकाना नाही.

त्यानंतर दहाचा गठ्ठा. ज्वारीच्या धाटाच्या काड्या, दहा झाल्या की दोरा बांधायचा. दोरा पोरांनीच बांधायचा, त्यात बोटं तयार होतात. एकदा बांधलं की ते दहा राहत नाहीत, 'एक दशक' होतात. दहा वस्तू एक कशी होते? मोठ्यांना यात काही वाटत नाही. पहिलीतल्या मुलाला हा मोठा घास आहे. माझ्याकडे एक पोरगा होता, त्याला तीन गठ्ठे आणि चार सुट्या किती विचारलं की सात म्हणायचा. नोव्हेंबरपर्यंत सात. मी एकदा त्याच्या हातात दोरा सोडायला दिला. एक गठ्ठा सोडला, काड्या पडल्या, त्याने मोजल्या, दुसरा सोडला. तिसरा न सोडताच ओरडला, "यात बी दहा हायेत!" जणू मीच लपवले होते.

आजोबा, पाठांतर लागतंच. पण गठ्ठा सुटल्यानंतर.

आजोबा_ऑनलाइन

मास्तर, या वेळी आक्षेप नाही. परवचा आमच्या तोंडात बसला, पण दशक म्हणजे काय हे मला बहुधा चौथीत कळले. आणि मार खाऊन कळले. तेव्हा आपण थोडे उलट शिकलो असे म्हणावे लागेल. (सवायकी मात्र सोडणार नाही.)

तिरकस

आजोबांनी एकाच धाग्यात दोनदा मत बदललं. इतिहासात नोंद व्हावी.

मी थोडं गंभीर लिहितो, सवय नाही, सांभाळून घ्या. माझ्या भाच्याने पहिलीत काय शिकलं ते मी जवळून पाहिलंय. डबा स्वतः उघडणं. शर्टाचं वरचं बटण लावणं. "मला लघवीला जायचंय" हे परक्या बाईंना मोठ्याने सांगणं, याला त्याला दोन आठवडे लागले, तोपर्यंत रोज चड्डी ओली. स्वतःच्या पाळीची वाट बघणं. शेजारच्याने पेन्सिल घेतली तर चावा न घेणं (यात अजून सुधारणेला वाव). अभ्यासक्रमात हे कुठे लिहितात माहीत नाही.

सेमीवाली_आई

लिहितात हो, शब्द भारी असतात फक्त. आमच्याकडे प्रगतिपत्रकात 'समायोजन' असं छापलं होतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर, त्यात हिंदीचं काय झालं? आमच्या शाळेच्या ग्रुपवर अजून कोणीतरी जुने मेसेज फिरवतं.

आडगाव_बुद्रुक

हे माहीत आहे मला, मी परत आलो होतो तोवर. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा शासन निर्णय निघाला. जूनमध्ये दुरुस्ती केली. त्यावरही रान उठलं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. इंग्रजी मात्र २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून आहेच, त्याबद्दल आता कोणी ब्र काढत नाही.

खानदेशी_मास्तर

त्यावर इथे भांडू नका, हात जोडतो, धाग्याला फाटे फुटतील. फक्त माझ्या वर्गाचं सांगतो. अहिराणी घरची, मराठी पुस्तकाची, इंग्रजीची 'ए फॉर ॲपल'. सफरचंद आमच्या पोरांनी यात्रेतच बघितलेलं. चौथी कुठे बसवू, ते सांगा.

सेमीवाली_आई

बरं, बसले गप्प. पण सर, सेमीचं एक विचारायचंय. आमच्याकडे गणित इंग्रजीत. मुलगा शाळेत 'ट्वेंटी वन' म्हणतो, आजीला एकवीस सांगावं लागतं, आणि वाण्याकडे तो गोंधळून गप्प बसतो. काय करू?

खानदेशी_मास्तर

वाण्याकडे त्यालाच पैसे द्यायला लावा. दहाच्या दोन नोटा आणि एक रुपयाचं नाणं त्याच्या हातात असलं की नाव कोणत्याही भाषेत चिकटतं. नोट म्हणजे बांधलेला गठ्ठाच आहे.

दुपारचा_चहा

(तीन महिन्यांनी धागा वर आणतेय, माफ करा.)

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. वहीत आता बरीच पानं आहेत, पण ते सांगायला नाही आले.

काल वीजबिल टेबलावर पडलं होतं. लेक दूध पीत होती. अचानक बोट ठेवून सुरू. "म. हा. वि." इथे थांबली, वेलांटी कुठल्या बाजूला आहे ते बोटाने तपासलं. "त. र." शेवटच्या अक्षरावर दुधाचा थेंब पडला होता, तो बाहीने पुसला. "बाणातला ण. महावितरण!" मला वाटलं सासूबाईंना फोन लावावा. लावलाच.

मग तिने विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगायला लागले, वीज, वितरण, कंपनी. ती म्हणाली, "वितरण म्हणजे?" मी म्हटलं, वाटणं. "मिक्सरमध्ये?"

खानदेशी_मास्तर

हा हा! ताई, अभिनंदन. आणि हेच पुढचं काम. वाचता आलं म्हणजे अर्धं झालं, अर्थ विचारतेय म्हणजे उरलेलं सुरू झालं. बरीच मुलं घडाघडा वाचतात आणि काहीच विचारत नाहीत. माझी झोप त्यांच्यामुळे उडते. तिला सांगा, आज डब्यातला लाडू मैत्रिणींना दे, ते वितरण.

आजोबा_ऑनलाइन

मुलीस आशीर्वाद. सासूबाई काय म्हणाल्या?

दुपारचा_चहा

म्हणाल्या, "पाचाचा पाढा येतो का?"

तिरकस

बिल भरलं का पण? शेवटची तारीख बघा, तीही तिलाच वाचायला लावा.